मुलतानी माती आणि तीन आडनावे : वॉकर, फुलर, टकर

मुलतानी मातीला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात. शब्दशः अर्थ, फुलरची माती. हा फुलर म्हणजे कुणी शास्त्रज्ञ किंवा व्यापारी नव्हे. तो लोकरीचे नवे कापड मळून, तुडवून, घट्ट करणारा कारागीर. इंग्लंडात या एका कारागिराची तीन नावे होती, आणि तिन्ही आज आडनावे म्हणून जिवंत आहेत: आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर, उत्तरेला आणि स्कॉटलंडला वॉकर. काम तेच, माती तीच, हौदातला वासही तोच. तरी सातशे वर्षांनंतर या तीन नावांचे इलाखे नकाशावर ओळखू येतात.

असे का व्हावे आणि तो नकाशा वाचताना कुठे घसरायला होते, ते या प्रकरणात पाहू. इंग्रजी व्यवसायनामांचा अभ्यास सुरू करायला याच्याइतके चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे. स्मिथ सगळीकडेच आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून काहीच कळत नाही. आणि एखादे दुर्मीळ नाव एकाच खेड्यातून निघालेले असते, ते फक्त त्या खेड्याबद्दल बोलते.

आधी काम समजून घ्यावे लागेल, कारण नावांबद्दलचे अर्धे गैरसमज कामाच्या अज्ञानातून येतात.

मागावरून उतरलेले लोकरीचे कापड अंगावर घालण्यासारखे नसते. सूत कातताना लोकरीला लोणी किंवा तेल लावलेले असते, शिवाय मेंढीच्या अंगचा मेणचट तेलकटपणा असतोच. वीण सैल, आरपार दिसेल अशी. कापड आधी धुवावे लागते. साबण महाग होता तोवर स्वस्त क्षार म्हणजे शिळे मूत. काही दिवस साठवले की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलकटपणा सोडवतो. रोमन काळात पॉम्पेईच्या धुलाईघरांत हेच चाले, आणि व्हेस्पेशियन बादशहाने या मुतावर कर बसवला होता हे प्रसिद्धच आहे. इंग्लंडात हे सतराव्या शतकाच्या शेवटीही सुटले नव्हते. सीलिया फाइन्स ही प्रवासी बाई १६९८ मध्ये एक्सेटरला गेली, तेव्हा सर्ज नावाचे लोकरीचे कापड आधी मुतात भिजवून, मग साबण लावून गिरणीत घालताना तिने पाहिले आणि लिहून ठेवले.

मुतानंतर माती. मुलतानी माती ही मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती. तिचे कण पापुद्र्यांचे असतात आणि तेल शोषून घेतात. सरेमधले नटफील्ड, बकिंगहॅमशर आणि बेडफर्डशरच्या सीमेवरचे वोबर्न सँड्स, केंटमध्ये मेडस्टोनचा परिसर आणि बाथ शहराच्या भोवतीच्या टेकड्या या तिच्या जुन्या खाणी. लोकरधंद्याला ती इतकी महत्त्वाची होती की सतराव्या शतकात लोकरीबरोबर या मातीच्याही निर्यातीवर बंदी होती.

तेल निघाले की खरे काम सुरू होते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब, क्षार आणि दाब एकत्र आले की तंतू एकाच दिशेने सरकतात आणि खवले एकमेकांत अडकतात. सरकलेला तंतू मागे येत नाही. बुरणूस किंवा नमदा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. तिथे सुट्या लोकरीचे जे होते तेच इथे विणलेल्या कापडाचे होते. कापड आखडते, जाड होते, वीण दिसेनाशी होते. उंची ब्रॉडक्लॉथ मागावर अडीच-तीन वार पन्ह्याचे विणत आणि या कामानंतर ते साधारण पावणेदोन वारांवर येई. म्हणजे पन्ह्याचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, मुद्दाम गमवायचा. विणकराने माग एवढा रुंद का ठेवला याचे उत्तर या हौदात आहे.

गिरण्या येण्याआधी हे पायांनी होई. हौदात कापड, त्यावर पाणी-मिश्रण, आणि दोन-तीन माणसे तासन्तास तुडवत. मग स्वच्छ पाण्याने धुवून, ओले असतानाच, लांबच लांब लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवायचे. हे आकडे म्हणजे टेंटरहुक. जीव टांगणीला लागला की इंग्रज माणूस याच आकड्यांवर असल्याचे सांगतो. वाळल्यावर टीझल नावाच्या झाडाच्या काटेरी बोंडांनी लव उठवायची आणि मोठ्या कातरीने ती सारखी कापायची. कातरणारा तो शिअरमन; त्याचेही शर्मन असे आडनाव झाले.

बिघडण्याच्या जागा पुष्कळ. मातीत वाळूचे कण राहिले तर कापडाला बारीक भोके पडतात, म्हणून माती आधी पाण्यात कालवून, खडे तळाला बसवून, वरचा भाग तेवढा घेत. तेल पूर्ण निघाले नाही तर पुढे रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो आणि दोष रंगाऱ्यावर येतो. कापड हौदात एकाच घडीत फार वेळ राहिले तर सुरकुतीच घट्ट होते आणि मग कशानेही जात नाही. म्हणून दर थोड्या वेळाने बाहेर काढून, झटकून, वेगळी घडी घालायची. फार वेळ तुडवले तर कापड फळकुटासारखे कडक आणि मापाला अपुरे. आणि फसवणुकीची ठरलेली जागा म्हणजे ताणण्याची चौकट: अपुरे पडलेले कापड ओलेपणी जास्त ओढून माप भरून काढायचे. पहिल्याच पावसात ते गिऱ्हाइकाच्या अंगावर आखडे. या जादा ताणण्याविरुद्ध इंग्लंडात पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले, म्हणजे ते पुन्हा पुन्हा मोडले जात होते.

आता शब्द.

फुलर हा मुळात लॅटिन. 'फुल्लो' म्हणजे हाच कारागीर. जुन्या इंग्रजीत त्याचे 'फुल्लेरे' झाले आणि नॉर्मन फ्रेंचमधल्या सख्ख्या शब्दाने त्याला पुढे आधार दिला. टकर आला जुन्या इंग्रजी 'तूकियन' या क्रियापदावरून. त्याचा अर्थ छळणे, हाल करणे. मधल्या इंग्रजीत तो ओढणे, कापड ताणणे-कुटणे असा झाला. कापडाच्या दृष्टीने पाहिले तर मूळ अर्थही चुकीचा म्हणवत नाही.

वॉकर मात्र भल्याभल्यांना फसवतो. कापडावर चालत, म्हणून वॉकर, असे सर्रास सांगितले जाते. जुन्या इंग्रजीत 'वेअल्कन' म्हणजे लोळवणे, घोळणे, उलटसुलट करणे, आणि त्यावरून 'वेअल्केरे' म्हणजे कापड मळणारा. पायांनी चालणे हा अर्थ त्या क्रियापदाला नंतर, बाराशेच्या सुमारास चिकटला. जर्मनमध्ये 'वाल्केन' हे क्रियापद आजही लोकर घट्ट करण्यासाठीच वापरतात आणि तिथेही वाल्कर हे आडनाव आहे. म्हणजे कारागिराचे नाव आधीचे आणि चालणे नंतरचे. जॉनी वॉकरच्या बाटलीवर १९०८ पासून जो टोपीवाला लांब टांगा टाकत निघाला आहे, तो या आडनावाचा अर्थ म्हणून साफ चूक आहे. जाहिरात म्हणून अर्थातच उत्तम.

तिन्ही शब्द एकाच माणसासाठी होते याला चांगला पुरावा आहे. १३८० च्या दशकातल्या विक्लिफच्या इंग्रजी बायबलमध्ये, येशूची वस्त्रे पांढरीशुभ्र झाली त्या प्रसंगी, अनुवादकाने 'फुलर' लिहून लगेच 'किंवा कापडाचा वॉकर' अशी जोड दिली. एकच शब्द लिहिला तर अर्धा देश अडेल हे त्याला ठाऊक होते. मराठी बायबलमध्ये त्या जागी परीट आहे. दुसरा शब्द आपल्याकडे नाहीच, पण परीट वापरलेले कपडे धुतो आणि फुलर नवे कापड तयार करतो, हा फरक त्यात बुडतो. मात्र त्याच परटाचे उदाहरण शब्दांचा भूगोल समजायला उपयोगी पडते: कुठे परीट, कुठे धोबी, गोव्यात मडवळ. काम विचारले तर एकच. कोणता शब्द कानावर पडेल ते गावावर अवलंबून.

एक गुंता मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. लँगलंडच्या चौदाव्या शतकातल्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात कापड तयार होण्याच्या पायऱ्या ओळीने येतात: पायाखाली किंवा गिरणीच्या हातोड्यांखाली घट्ट करणे, पाण्याने धुणे, टीझलने खाजवणे, मग 'टक' करणे आणि आकड्यांवर ताणणे. इथे टक करणे ही वेगळी, शेवटाकडची पायरी दिसते. तेव्हा हे क्रियापद काही ठिकाणी फक्त ताणण्या-सजवण्यापुरते वापरत असणार. पण नैर्ऋत्येत टकर म्हणजे हे सगळे काम करणारा. एक्सेटरमध्ये विणकर, फुलर आणि शिअरमन यांच्या संघाची १४७१ सालची इमारत फोर स्ट्रीटवर आजही उभी आहे. संघाच्या औपचारिक नावात 'फुलर' आहे, आणि इमारतीला सगळे शहर 'टकर्स हॉल' म्हणते. कागदावर एक शब्द आणि तोंडात दुसरा, असा पुरावा इतक्या सरळपणे क्वचितच मिळतो.

बोलीतला शब्द आडनाव कसा झाला? बाराव्या-तेराव्या शतकात 'रॉजर ले टकर' ('ले' हे फ्रेंच उपपद, इंग्रजी 'द' सारखे) म्हणजे खरोखर ते काम करणारा रॉजर. त्याचा मुलगा सुतार झाला तर तो सुतार म्हणून ओळखला जाई. नाव वडिलांकडून मुलाकडे, काम बदलले तरी, जाऊ लागले ते दक्षिण इंग्लंडात बहुतांशी तेराव्या-चौदाव्या शतकात, उत्तरेत त्यानंतर, काही भागांत पंधराव्या शतकापर्यंत. म्हणजे आजचा नकाशा कापडधंद्याचा नाही. आडनावे गोठली त्या दीडदोनशे वर्षांत, त्या त्या भागात, शेजारीपाजारी या माणसाला काय म्हणत होते, त्याचा हा नकाशा आहे. १९३५ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ फ्रान्सन यांनी ११०० ते १३५० या काळातली व्यवसायनामे जिल्हावार मांडली तेव्हा हीच तीन क्षेत्रे समोर आली. आडनावे अजून पुरती पिढीजात झाली नव्हती त्या काळातली ही माहिती आहे, म्हणून तिला वजन जास्त.

नाव पिढीजात झाले की नाही हे तपासायची एक चांगली जागा म्हणजे १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या. त्या वर्षी सामान्य माणसाला चार पेनी आणि कारागिराला सहा पेनी किंवा जास्त असा चढता कर होता, म्हणून यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमधल्या याद्यांत अनेकांपुढे धंदाही लिहिला आहे. नाव वॉकर आणि धंदाही कापड घट्ट करण्याचा, तर काहीच ठरत नाही. ते नुसते वर्णन असू शकते. नाव वॉकर आणि धंदा लोहाराचा असेल तर ते आडनाव झाले आहे. नवशिके पहिल्या प्रकारच्या नोंदी पुरावा म्हणून गोळा करतात. उपयोग दुसऱ्या प्रकारच्या नोंदींचाच होतो.

या सगळ्यात यंत्राचाही हात आहे. पाण्याच्या चाकाच्या आसावर लाकडी दांडे बसवायचे, आस फिरला की दांडे ओकचे दोन जड हातोडे आळीपाळीने उचलून सोडणार. हौदाचा तळ असा वळणदार की प्रत्येक ठोक्याला कापड थोडे फिरते आणि नवा भाग हातोड्याखाली येतो. एक माणूस नजर ठेवायला पुरे. इंग्लंडातल्या अशा गिरण्यांच्या सर्वांत जुन्या पक्क्या नोंदी ११८५ च्या, टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या मालमत्तेच्या तपासणीतल्या: यॉर्कशरमध्ये न्यूसम इथे एक आणि कॉट्सवोल्ड भागात एक. तेराव्या शतकात त्या झपाट्याने पसरल्या, आणि गिरणी जमीनदाराची असल्यामुळे भांडणेही आली. सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी मठाधिपतीच्या गिरणीत पैसे भरण्याऐवजी घरीच कापड तुडवण्याचा हट्ट धरला. १२७४ मध्ये प्रकरण दरबारापर्यंत गेले आणि निकाल मठाच्या बाजूने लागला. लंडनच्या फुलरांची १२९८ मध्ये तक्रार होती की शहरातले कापड बाहेर स्ट्रॅटफर्डच्या गिरण्यांकडे जाते आणि पायांनी काम करणारे उपाशी राहतात.

आता जुळवून पाहा: आडनावे गोठली तेराव्या-चौदाव्या शतकात आणि गिरण्या पसरल्या तेराव्यात. म्हणजे ज्या वॉकर-टकरांची नावे पुढे टिकली त्यांतले कितीतरी जण हौदात कधी उतरलेही नसतील, हातोड्यांपाशी उभे असतील. शब्द तरीही तेच राहिले आणि गिरणीलाही चिकटले. उत्तरेत ती 'वॉक मिल', नैर्ऋत्येत 'टकिंग मिल', आग्नेयेत 'फुलिंग मिल'. वेल्समध्ये 'पांडी', म्हणून टोनीपांडी हे गाव. बाथजवळ टकिंग मिल नावाची वस्ती आहे आणि कॉर्नवॉलमध्ये कँबोर्नला लागून टकिंगमिल. स्थळनामे गावकऱ्यांची, आडनावे माणसांची. दोन्ही स्वतंत्र साक्षीदार एकच सांगतात. यंत्र प्रत्यक्ष पाहायचे असेल तर लँकशरमधल्या हेल्मशोर इथे १७८९ सालची गिरणी तिच्या हातोड्यांसह जपलेली आहे. लँकशर असल्यामुळे आसपासच्या स्मशानभूमींत वॉकर शोधायला लागत नाहीत.

नकाशा वाचायचा कसा? पाया म्हणून बहुतेक जण ३ एप्रिल १८८१ च्या रात्रीची जनगणना घेतात. ती पूर्ण उतरवून काढलेली आहे, आणि तेव्हाच्या दोन कोटी सत्त्याण्णव लाख ब्रिटिशांत अजून पुष्कळ जण आजोबांच्याच परगण्यात राहत होते. इथे पहिली चूक ठरलेली: नुसता आकडा पाहणे. लँकशरची लोकसंख्या तेव्हा साडेचौतीस लाखांच्या घरात, डेव्हनची सुमारे सहा लाख. समजा एका आडनावाचे लँकशरमध्ये ३,००० आणि डेव्हनमध्ये २,४०० लोक निघाले. आकड्याने लँकशर पुढे. पण दर लाखाला लँकशरमध्ये ८७ आणि डेव्हनमध्ये ४००. देशाची सरासरी लाखाला ५० धरली तर डेव्हनची घनता आठपट, लँकशरची पावणेदोनपट. मूळ डेव्हनचे, लँकशरला ते लोक गिरण्यांच्या नोकरीसाठी गेले. लंडन आणि लँकशर कोणत्याही आडनावाच्या यादीत वर दिसतातच, ते आधी मनातून काढून टाकावेत. हेन्री ब्रूम गपी यांनी १८९० मध्ये वेगळा उपाय केला होता: फक्त शेतकऱ्यांची नावे मोजायची, कारण सगळ्यांत कमी हलतो तो शेतकरी. पद्धत ओबडधोबड, पण कल्पना झकास.

या पद्धतीने टकर भरतो तो डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट, डॉर्सेट या पट्ट्यात. शिवाय ब्रिस्टलच्या खाडीपलीकडे दक्षिण वेल्समध्ये, गॉवर द्वीपकल्पात आणि पेंब्रोकशरच्या दक्षिण भागात. तो समुद्राने गेला. नॉर्मन काळापासून तिथे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या वसाहती होत्या. फुलर ससेक्स, सरे, केंट, एसेक्स, सफोक, नॉर्फक या बाजूला. हॅम्पशर-सरेकडे व्हॉलर असे रूपही मिळते. दक्षिणेतल्या बोलीत सुरुवातीच्या फ चा व होतो, त्याचा तो ठसा. वॉकर यॉर्कशर, लँकशर, मिडलंड्स आणि तिथून वर स्कॉटलंडपर्यंत. स्कॉटलंडमध्ये सगळेच वॉकर या शब्दाचे वारस नाहीत: गेलिक 'मॅक अन उकदर', म्हणजे याच कारागिराचा मुलगा, हे नाव इंग्रजीत आणताना लोकांनी सरळ वॉकर केले. भाषांतरित आडनाव. अर्थ जुळतो, वंश जुळेलच असे नाही.

नकाशा पाहून एक मोहक सिद्धांत सुचतो: फुलर सरे-केंटमध्ये, मातीच्या खाणीही सरे-केंटमध्ये, तेव्हा मातीवरून नाव. टिकत नाही. बाथभोवतीची खाण टकरांच्या उंबरठ्यावर आहे. माती फुलरवरून ओळखली गेली, फुलर मातीवरून नाही.

आज वॉकर इतके जास्त का, हा प्रश्न हमखास येतो. टकर आणि फुलर दोन्ही मिळूनही ते वॉकरच्या आसपास येत नाहीत. मध्ययुगात उत्तरेला कापड घट्ट करणारे जास्त होते असे यातून निघत नाही. तेव्हाचा श्रीमंत कापडपट्टा पूर्व अँग्लिया आणि नैर्ऋत्येचा. एक कारण साधे: वॉकर शब्दाचे क्षेत्रच मोठे, निम्मा इंग्लंड आणि वर स्कॉटलंड. दुसरे कारण पुढचे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात वेस्ट रायडिंग आणि लँकशरची लोकसंख्या फुगली, तर डेव्हनचा सर्ज-धंदा त्याच सुमारास बसला. चौदाव्या शतकात ज्या गावात दोन वॉकर कुटुंबे होती तिथे पाचशे वर्षांनी कापडगिरण्यांचे शहर झाले. आडनाव कुठे रुजले याला जितके महत्त्व, तितकेच ती जमीन पुढे किती पिकली यालाही. विणकरांचे वेब, वेबर, वेबस्टर आणि रंगाऱ्यांचे डायर, लिस्टर हे गटही याच पद्धतीने उलगडतात. वेबस्टर आणि लिस्टर उत्तरेचे.

देशाबाहेर गेल्यावर या तीन नावांनी बंदरे निवडली ती आपापल्या प्रांताची. १६२० मध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेला नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजावरचे एडवर्ड आणि सॅम्युएल फुलर हे भाऊ नॉर्फकमधल्या रेडनहॉलचे. न्यूफाउंडलंडमध्ये टकर पुष्कळ, कारण तिथली कॉड मासेमारी डेव्हन आणि डॉर्सेटच्या बंदरांतून चाले. वॉकर २०१० च्या अमेरिकी जनगणनेत २८ व्या क्रमांकावर, पाच लाखांहून जास्त लोक. त्यांतले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय. त्यांच्या बाबतीत हे आडनाव यॉर्कशरबद्दल फारसे काही सांगत नाही. गुलामगिरीच्या काळात आणि मुक्तीनंतर ही नावे कागदावर कशी चढली तो वेगळा आणि कठीण शोध आहे. अमेरिकेचा आडनाव-नकाशा इंग्लंडच्या नकाशासारखा वाचू नये. तिथे नावांना माती धरायला वेळच मिळाला नाही.

तोतयेही आहेत. आयर्लंडमधला टकर हा बरेचदा गेलिक 'ओ तुआखर' चे इंग्रजी रूप असतो. कापडाशी संबंध नाही. तिथे 'टक मिल' हा शब्द मात्र इंग्रज वसाहतीबरोबर खरोखर पोचला होता, त्यामुळे दोन्ही शक्यता उघड्या राहतात आणि घोळ वाढतो. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत टकर हे 'टोकर' पासून, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिरापासून, बनलेले असू शकते. अमेरिकेत जर्मन 'टूखर' चाही टकर झाला. तो निदान कापडवाला तरी आहे. न्यूकॅसलच्या पूर्वेला वॉकर नावाची वस्ती आहे, तिच्या नावाचा अर्थ भिंतीजवळची, म्हणजे रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीजवळची, दलदल. तिथून बाहेर पडलेल्या एखाद्याचे वॉकर हे गावावरून पडलेले असू शकते, आपल्या '-कर' सारखे.

एखाद्या कुटुंबावर हे लावायचे असेल तर क्रम उलटा धरावा, आजकडून मागे. समजा १८८१ मध्ये लीड्सला एक टकर सापडला. नकाशावरून निष्कर्ष काढण्याआधी त्याच नोंदीतला जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-विभाग, पाहावा. १८५१ पासूनच्या जनगणनांत तो असतो. १८४१ मध्ये नसतो, तिथे फक्त याच परगण्यात जन्म की नाही एवढेच. त्याआधी १ जुलै १८३७ पासूनची जन्म-मृत्यू नोंदणी, आणि त्यामागे पॅरिशच्या वह्या, ज्या १५३८ च्या हुकुमाने सुरू झाल्या. जन्म डेव्हनचा निघाला तर मार्ग सरळ. आयर्लंडचा किंवा पूर्व युरोपाचा निघाला तर वर सांगितलेले तोतये आधी तपासावेत आणि कापडाची गोष्ट तूर्त बाजूला ठेवावी.

रक्ताची चाचणी करून 'सगळे वॉकर एक' ठरवायचा उत्साह इथे आवरावा लागतो. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी चाळीस आडनावांच्या पुरुषांचे वाय-गुणसूत्र तपासले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की दुर्मीळ आडनावांत समान पूर्वज बहुधा सापडतो, स्मिथसारख्या सर्वसाधारण आडनावांत सापडत नाही. वॉकर शेकडो गावांत स्वतंत्रपणे सुरू झाला. दोन वॉकरांमध्ये नाते निघाले तर ते नावामुळे नव्हे, गावामुळे.

वह्यांच्या मागे, सोळाव्या शतकापलीकडे, जमीनदाराच्या न्यायालयाच्या आणि कराच्या लॅटिन नोंदी उरतात, आणि तिथे कारकून 'रोगेरुस फुल्लो' लिहून मोकळा होतो. फुल्लो म्हणजे फुलर असे परस्पर भाषांतर करून वंशावळीत चिकटवणे ही या कामातली सर्वांत जास्त आढळणारी चूक. कारकुनाने धंद्याचे लॅटिन केले. शेजारी त्याला टकर म्हणत की वॉकर, हे त्या ओळीत नाहीच. अशा वेळी त्याच गावच्या इंग्रजी किंवा अर्धवट फ्रेंच नोंदींत 'ले' लागलेले रूप शोधावे. तेही नसेल तर जमीन-मोजणीचे जुने नकाशे काढून पॅरिशमधल्या ओढ्यांवर बोट फिरवावे आणि गिरणीच्या खुणेशेजारी काय लिहिले आहे ते वाचावे: वॉक मिल, टकिंग मिल की फुलिंग मिल.